मदत हवी आहे: गिरणगावातल्या नाटकवह्यांसाठी संशोधन अनुदान, विद्यापीठाचा आधार नसताना

परळवही:
लालबाग-परळच्या कामगार नाट्यमंडळांच्या हस्तलिखित संहिता अजून काही घरांत, मंडळांच्या कपाटांत आहेत. साधारण 40 वह्या, प्रत्येकी 80 पाने. 1982च्या गिरणी संपानंतर मंडळे विस्कटली, आता चाळी पाडल्या जाताहेत आणि खोली रिकामी करताना हे कागद सगळ्यात आधी रद्दीत जातात. स्कॅनिंग आणि अभ्यास दोन्हींसाठी खासगी प्रतिष्ठानाचे पैसे मिळतील का? मी कुठल्याही विद्यापीठात नाही. इन्फोसिस पुरस्काराला अर्ज करता येतो का?

समास:
पुरस्काराचा विचार सोडा. तो झालेल्या कामासाठी, नामांकनावर दिला जातो. तुम्हाला हवे आहे अनुदान, म्हणजे व्हायच्या कामासाठी पैसे. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचा कला-संशोधनाचा कार्यक्रम आधी पाहा. तिथे स्वतंत्र संशोधकांना अनुदान मिळते आणि प्रस्ताव मराठीतही चालतो. न्यू इंडिया फाउंडेशनची फेलोशिप पुस्तक लिहिण्यासाठी असते, तुमच्या कामाशी जुळत नाही. ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम डिजिटायझेशनला पैसे देतो, पण त्याचा भर बऱ्याच जुन्या साहित्यावर आहे.

प्रस्ताव बहुतेक वेळा विषय अघळपघळ असल्याने पडतो. ‘कामगार रंगभूमीचा इतिहास’ असे लिहिलेत तर परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे विचारा: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे) मंजुरीला दिलेली प्रत आणि तालमीची वही यांत कोणते संवाद वेगळे आहेत, आणि का? समासातली पेन्सिलची काटछाट हा तुमचा खरा ऐवज आहे. अशा एका पानाचा फोटो प्रस्तावाला जोडाच.

स्कॅनवाला:
अंदाजपत्रक पानांवरून काढा, ठोकळ रक्कम टाकू नका. 40 वह्या × 80 पाने म्हणजे 3,200 पाने. ए-4 पान, 400 डीपीआय (इंचाला 400 ठिपके), रंगीत, आकार कमी न करता (अनकम्प्रेस्ड) साठवलेली टिफ चित्र-फाइल सुमारे 46 एमबी होते. एकूण 150 जीबीच्या आत. म्हणून 1 टीबीच्या दोन डिस्क घ्या, दोन वेगळ्या जागी ठेवा आणि तिसरी प्रत एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला द्या. त्यांचे संमतीपत्र आधीच जोडले तर प्रस्तावाचे वजन वाढते.

फ्लॅटबेड स्कॅनर नको. वही उलटी करून दाबली की जुन्या शिवणीची पाठ मोडते. वरून फोटो घेणारा स्टँड भाड्याने घ्या, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश द्या, पहिल्या फ्रेममध्ये मोजपट्टी आणि रंग पडताळायची रंगपट्टी ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या पिना ओढून काढू नका, कागद त्यांच्यासोबत येतो. मुंबईच्या पावसाळ्यात दमट पाने एकमेकांना चिकटतात, म्हणून स्कॅनिंगचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा.

परळवही:
आणि पैसे माझ्या खात्यात आले तर?

समास:
करारात त्या रकमेला काय म्हटले आहे ते आधी वाचा. ‘व्यावसायिक शुल्क’ लिहिले असेल तर साधारण 10 टक्के टीडीएस कापला जातो, आणि मग तेवढेच पैसे स्कॅनिंगला कमी पडतात. सही करण्याआधी सीएला दाखवा. परदेशी पैसा असेल तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी निधीवरच्या कायद्याचा, प्रश्न येतो. ‘एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यातून घेऊ’ हा मार्ग 2020च्या दुरुस्तीनंतर बंद आहे, कारण एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीकडे वळवता येत नाही.

वही ज्यांच्या घरची आहे त्यांच्याकडून मराठीतच संमती घ्या: मूळ वही त्यांच्याकडेच राहील, स्कॅनची एक प्रत त्यांना मिळेल आणि पाने ऑनलाइन टाकायची की नाही हे वेगळे विचारले जाईल. पण लेखनाचा हक्क वहीच्या मालकाकडे असतोच असे नाही. तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे त्याच्या वारसांकडे असतो. त्यामुळे नाटककाराचा पत्ता लागला तर त्याच्या घरच्यांचेही पत्र घ्या, आणि हा शोध घेण्याचा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरा.