'फक्त ५ टक्के' म्हणजे नक्की किती?

नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज घ्यायचं तर शोरूमवाला 'फक्त ५ टक्के' म्हणतो आणि बँक ९ टक्के, म्हणून शोरूमचंच घ्यावं असं अनेकांना वाटतं. जरा थांबा. आधी त्याला विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) की रिड्यूसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर व्याज)? फ्लॅट ५ टक्क्यांनी ५ वर्षांचं व्याज होतं सरळ २ लाख. बँकेच्या ९ टक्के रिड्यूसिंगने हप्ता साधारण १६,६०० आणि व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास. म्हणजे 'महाग' बँकच थोडी स्वस्त! हप्ता हलका दिसावा म्हणून ७ वर्षं केलीत तर याच दराने व्याज २ लाख ८० हजारांवर जातं.

मी गाडी घेतली तेव्हा कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' अशी एक ओळ होती. कसले म्हणून विचारलं, तर सेल्समनने पेनने गुपचूप काट मारली. विमाही शोरूमचाच घ्यायला हवा असं नाही. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, नव्या गाडीला ३ वर्षांचा सक्तीचा आहे, पण पॉलिसी बाहेरून घेता येते. दोन कोट मागवाच.

कोणती गाडी भरवशाची म्हणाल तर यूट्यूबवरच्या रिव्ह्यूंपेक्षा आपल्या गावातल्या गॅरेजवाल्याला विचारा, क्लच प्लेटला किती पडतात आणि पार्ट किती दिवसांत येतो. आणि हो, महिन्याला ४००-५०० किलोमीटरच फिरणार असाल तर डिझेलच्या नादी कशाला लागताय?