कापूस वेचणीच्या दिवसांत लहानग्यांना सांभाळायचे कोणी? अनुदानित पाळणाघराविषयी माहिती हवी

प्रश्न: प्राथमिक शिक्षिका, चोपडा तालुका

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. दसरा उलटून कपाशी फुटू लागली, की माझ्या वर्गातील तीन-चार मुली दिसेनाशा होतात. गेल्या आठवड्यात त्यांपैकी एकीच्या घरी गेले, तेव्हा ती ओसरीवर बसून वर्षाच्या भावाला दुधात कुस्करलेली भाकर भरवत होती. शेजारी मराठीचे पुस्तक उघडे पडले होते आणि त्याच्या पानाचा कोपरा भावाने चावून टाकला होता. संध्याकाळी तिची आई भेटली. ती म्हणाली, "मॅडम, वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. पोर कडेवर घेतले तर निम्मी मजुरी जाते."

गावात अंगणवाडी आहे, परंतु ती दुपारी बंद होते आणि एवढ्या लहान मुलाला तेथे दिवसभर ठेवून घेत नाहीत. शासनाच्या अनुदानावर चालणारे पाळणाघर आमच्यासारख्या गावात सुरू होऊ शकते का, आणि त्यासाठी कोणाकडे जावे?

उत्तर: निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, धुळे

ताई, आपण पाहिले ते मी नोकरीची सगळी वर्षे पाहत आले. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा भर पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण यांवर होता. आईच्या कामाच्या वेळा धरून तिची आखणी झालेलीच नव्हती. तीन वर्षांखालील मुलाचे वजन अंगणवाडीत होते, त्याचा आहार घरी दिला जातो, पण त्याला दिवसभर सांभाळण्याची सोय तेथे नसते.

आपल्याला हवी आहे ती 'पाळणा' योजना. २००६ मधील राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेचे २०१७ साली राष्ट्रीय पाळणाघर योजना असे नामांतर झाले आणि २०२२ पासून तीच केंद्राच्या 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली 'पाळणा' या नावाने चालते. खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले घेतली जातात, आणि चालू अंगणवाडीलाच जोडून, जादा सेविका व मदतनीस देऊन, पाळणाघर काढता येते. पूर्वीच्या नियमांत एका केंद्रात २५ मुले, रोज साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस असे प्रमाण होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून मुलामागे महिन्याला अवघे २० रुपये घेतले जात. मुलाची झोप, गरम जेवण आणि वाढीची नोंद हे सारे त्यात येत असे.

प्रथम सहा वर्षांखालील मुलांची यादी करा आणि प्रत्येकाची आई किती वाजता घर सोडते व किती वाजता परतते, हे नावापुढे लिहा. त्यावर ग्रामसभेचा ठराव घेऊन तो तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. नुसत्या मागणीपेक्षा अशा यादीचा उपयोग अधिक होतो.

उत्तर: बचत गटाची सदस्य, नंदुरबार

वेळेचा मुद्दा धरून ठेवा, हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडील बाया मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जातात. तेथे मूल झोपवताच येत नाही, कारण ते डोळे चोळते, ठसका लागून रडते आणि आईचे तिखट हात त्याला लावायचीही सोय नसते. आमच्या वस्तीत अनुदानावरचे पाळणाघर सुरू झाले, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या जावेचे खाडे थांबले. परंतु पुढे अनुदान सात महिने रखडले; आधी मदतनीस गेली, मग सेविका गेली आणि अखेर कुलूप लागले. जावेने मुलाला माहेरी ठेवले. सांभाळणाऱ्या बाईचे मानधन वेळेवर मिळाले नाही, तर योजना कागदावर कितीही चांगली असली तरी ती टिकत नाही. म्हणून ठरावात मानधनाचाही उल्लेख करा.

उत्तर: कामगार चळवळीतील कार्यकर्ता, जळगाव

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, ३० पेक्षा अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक केले. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते लागू करून आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. आपल्या चोपडा-यावल पट्ट्यात मात्र आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या मजूर बाईचा मालक कोण धरायचा? तिच्यापर्यंत यांतला एकही कायदा पोहोचत नाही, म्हणूनच तिच्या बाबतीत सरकारी अनुदानाला पर्याय नाही. आज हे अनुदान दुसरेच कोणी भरत आहे, आणि ती आपल्या वर्गातील दहा वर्षांची मुलगी आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे आभार. काल अंगणवाडी सेविकेबरोबर दोन गल्ल्या फिरून यादीला सुरुवात केली. आतापर्यंत १९ मुले झाली असून त्यांपैकी ११ तीन वर्षांखालील आहेत. बहुतेक आया सकाळी सातला निघतात आणि सहाच्या सुमारास परततात, म्हणजे साडेसात तासांचे केंद्रसुद्धा अपुरे पडेल. वेचणीच्या हंगामापुरती वेळ वाढवून मिळावी, असे ठरावात स्वतंत्रपणे लिहीत आहे.