मदत हवी आहे: गो-कार्टसाठी जुन्या गाडीचा स्टिअरिंग रॅक छोटा करायचाय

मंडळी, घरीच गो-कार्ट बनवतोय, चौकोनी पाइपची चेसिस तयार आहे, किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती पिन), स्टब एक्सल (चाक बसतं तो छोटा एक्सल) सगळं बसलंय आणि गाडं अडलंय ते स्टिअरिंगपाशी. एका जुन्या हॅचबॅकचा साधा, म्हणजे पॉवर नसलेला रॅक (दातांचा बार डावी-उजवीकडे सरकवून चाकं वळवणारा भाग) हाताशी आहे, दात झिजलेले नाहीत, पिनियनला (स्टिअरिंगबरोबर फिरून बार सरकवणाऱ्या छोट्या गिअरला) प्ले म्हणजे ढिलेपणा नाही, एकदम ठणठणीत माल, त्यामुळे वापरायचा तर तोच हे पक्कं आहे, पण मापं काही जुळत नाहीयेत.

व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) १२०० मिमी आणि दोन किंगपिनमधलं अंतर ७६० मिमी. रॅकचा बार ६४० मिमी लांब, म्हणजे टाय रॉडला (बार आणि चाक जोडणाऱ्या दांडीला) जागाच उरत नाही. बार मधोमध आणून ठेवला की पिनियन दातांच्या बाजूच्या टोकापासून १४० मिमीवर येतो. पिनियन एक पूर्ण फेरा फिरला की बार ४४ मिमी सरकतो, मार्करने खूण करून मोजलंय, आणि या लॉकपासून त्या लॉकपर्यंत (एका बाजूला पूर्ण वळवल्यापासून दुसऱ्या बाजूला पूर्ण वळेपर्यंत) तीन फेऱ्यांच्या वर जातं, जे कार्टला फारच झालं, मला दीड फेऱ्यात काम हवंय. सस्पेन्शन नाहीये, चेसिसलाच सगळं फिक्स.

आता प्रश्न. बार मधून कापून परत वेल्ड केला तर चालेल का, की एका बाजूनेच कापायचा? दुसरं म्हणजे फेरे कमी करायला पिनियन बदलावा लागेल का, कारण असा सुटा पिनियन मिळणं कठीण वाटतंय. आणि तिसरं, पाय ठेवायला मोकळी जागा राहावी म्हणून रॅक एक्सलच्या पुढे लावायचा विचार आहे, पण नुसता ठेवून बघितला तर स्टिअरिंग डावीकडे आणि चाकं उजवीकडे असं होतंय. भाची चालवणार आहे त्यामुळे स्टिअरिंगमध्ये जुगाड नकोय, जे करायचं ते पक्कं करायचंय.

प्रतिसाद १

वेल्डिंगचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. रॅकचा बार मध्यम कार्बनच्या स्टीलचा असतो आणि दात हार्ड केलेले असतात, असं स्टील साधं वेल्ड केलं की टाक्याच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते, वरून टाका कितीही देखणा दिसला तरी क्रॅक तिथूनच सुरू होतो आणि स्टिअरिंगमध्ये तुटायच्या आधी काही कळत नाही.

दात नसलेल्या बाजूने सरळ २४० मिमी कापा. बार ४०० चा राहील, त्याचा मध्य २०० वर, पिनियन १४० वर, म्हणजे पिनियन मध्यापासून जेमतेम ६० मिमी बाजूला. सीट मध्ये असेल तर ही उलट सोयच झाली. कापलेल्या टोकावर आधी फाइल घासून बघा, कडेला घसरेल पण आतला गाभा साधारण मऊ असतो. लेथवर धरून बरोबर सेंटरला १२.५ चं ड्रिल आणि एम १४ × १.५ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), आटे निदान २५ मिमी खोल. तुमच्या बॉल जॉइंटचे (बारच्या टोकाला टाय रॉड जोडणाऱ्या, सगळीकडे वळणाऱ्या सांध्याचे) आटे हेच आहेत का ते मात्र आधी गेजने तपासा, नसतील तर जॉइंटप्रमाणे टॅप घ्या. हातात ड्रिल मशीन धरून हे करू नका, भोक जरा तिरकं गेलं की जॉइंट वाकडा बसतो.

बाहेरची नळी पण कापावी लागेल आणि लांबच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश (बारला आधार देणारी कडी) काढून नव्या टोकात परत बसवायचा, तो राहिला तर बार वरखाली हलेल आणि पिनियनचे दात खाईल.

प्रतिसाद २

पिनियनला हात लावायची गरजच नाही, फेरे स्टिअरिंग आर्मच्या (किंगपिनपाशी चाकाला जोडलेली, टाय रॉड जिला ओढतो-ढकलतो ती पट्टी) लांबीवर ठरवा. चाक ३० अंश वळायला बार साधारण आर्मच्या निम्मा सरकतो. आर्म ६५ मिमी घेतला तर एका बाजूला ३२ च्या आसपास, दोन्ही मिळून ६५, भागिले ४४, आले दीड फेरे. आर्म याहून आखूड केला तर स्टिअरिंग जड होईल, लहान मुलीच्या हाताला ते पेलायचं नाही. आणि बार आता मूळच्या निम्माच सरकणार म्हणून दोन्ही टोकांना कॉलर घालून पक्के स्टॉप द्या, नाहीतर जास्त वळल्यावर आर्म आणि टाय रॉड एका रेषेत येऊन चाक तिथेच अडकून बसतं, परत सरळ होत नाही.

आता उलटं वळण्याचं. पिनियन वर आणि बार खाली असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर बार डावीकडे जातो, आणि हे एक्सलच्या मागे असलेल्या आर्मला बरोबर असतं. पुढे लावायचा तर सगळा रॅक पिनियनच्या अक्षाभोवती अर्धा फेरा फिरवून बार वर आणावा लागेल. होतं तसं, पण मी मागेच लावेन. अ‍ॅकरमनसाठी (वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं यासाठी) आर्मची रेष मागच्या एक्सलच्या मध्याकडे गेली पाहिजे, तुमच्या मापांत साधारण साडेसतरा अंश आत. आर्म मागे असले की टोकं २० मिमी आत येतात, काही अडत नाही. तेच पुढे घेतले तर टोकं बाहेर जातात आणि रिमला लागतात. पाय काय, रॅकच्या वरून जातील, वर एक पत्र्याचं कव्हर टाका.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार, खूप मोकळं झालं. रॅक मागेच लावतो. आर्मची टोकं आत आली म्हणजे त्यांच्यात ७२० राहतात, वजा बारचे ४००, म्हणजे टाय रॉड प्रत्येकी १६० च्या आसपास, बरोबर ना? आणि बाहेरच्या टोकाला रॉड एंड (आत फिरता बॉल असलेली, बोल्टने बसणारी कडी) लावले तर बोल्ट एकाच बाजूने धरलेला चालेल का?

प्रतिसाद २

१६० बरोबर, जॉइंटची लांबी त्यातच धरा आणि टो (सरळ जाताना पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) सेट करायला दोन्हीकडे आटे शिल्लक ठेवा. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरा, आर्मला दोन पट्ट्यांचा चिमटा करा आणि रॉड एंड मध्ये घाला. जागाच नसेल तर वर रॉड एंडपेक्षा मोठा वॉशर तरी हवाच, आतला बॉल निसटला तरी रॉड आर्मवरून सुटत नाही. नायलॉक नट (नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा) वापरा. आणि कापाकापी करायच्या आधी जाड पुठ्ठ्याचे आर्म आणि टाय रॉड खऱ्या मापात कापून प्लायवर खिळ्यांनी ठोकून फिरवून बघा, कुठे अडतंय ते लगेच दिसेल.