दोन अपत्यांची अट: अजून किती वर्षं?

गावगाडा: 'दोन अपत्यांच्या अटीमुळेच महाराष्ट्राचा जननदर उतरला, बाकी राज्यांनी शिकावं' हा धागा वाचून राहवलं नाही. अट म्हणजे दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर ग्रामपंचायतीसारख्या निवडणुकीला अपात्र. अट यायच्या आधीच, 1998-99 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपण बाईमागे सरासरी 2.5 मुलांवर आलो होतो. आता 1.7. केरळ आणि तमिळनाडू अट न घालताच 1.8 वर आहेत. हिमाचलने 2005 मध्ये अट काढली, तरी तिथेही 1.7. हरियाणाची अट सुप्रीम कोर्टाने 2003 मध्ये वैध ठरवली आणि 2006 मध्ये राज्यानेच ती रद्द केली. आंध्रने 2024 मध्ये काढली, तीही लोकसंख्या घटेल या भीतीने. आपण मात्र 12 सप्टेंबर 2001 च्या मुदतीला, म्हणजे त्यानंतर तिसरं मूल झालं की अपात्र, याला चिकटून बसलोय.

सातबारा: आकडे मान्य. पण ही सक्ती नाही. मुलं हवी तितकी होऊ द्या, फक्त सरपंचपद मागू नका. पुढाऱ्याने आधी स्वतः पाळायला नको?

रानवारा: मग आमदार-खासदारांना का नाही? सगळा धाक ग्रामपंचायत सदस्याला! सरकारी नोकरीला 2005 चे नियम आहेत, मंत्रिपदाला काहीच नाही.

सातबारा: विषय भरकटवू नका. आणि जुळी झाली तर सवलत आहेच.

दप्तरी: अर्धवट माहिती पसरवू नका हो, लोकांची पदं जातात. सवलत एका मुलानंतरच्या बाळंतपणाला आहे. आधी जुळी आणि नंतर तिसरं, तर कलमाचे शब्द वाचवत नाहीत. दत्तक घेतलेलं मूल मोजत नाहीत, पण पोटचं दत्तक दिलं तरी ते मोजलं जातंच; सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ओडिशाच्या प्रकरणात तेच सांगितलं. मुदतीआधीची तीन असतील तर चालतं, चौथं नंतर झालं की अपात्र.

रानवारा: आणि ते सिद्ध कसं होतं? विरोधक जन्मनोंद, शाळेचा दाखला गोळा करून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतो. निवडून आल्यावर मूल झालं तरी पद जातं. मूल किती हे घरात बाईला कोण विचारतं? राखीव जागेवरची बाई मात्र घरी बसते.

सातबारा: बायकांचा मुद्दा खरा आहे, तेवढा मानतो. पण अट काढून ती घरातली जबरदस्ती थांबेल कशी, ते सांगा.

गावगाडा: थांबणार नाही. निदान त्या जबरदस्तीची शिक्षा तरी बाईलाच होणार नाही.