मदत हवी आहे : मुलाखतीत 'पुण्यात पंक्चरवाले किती?' असं विचारलं तर सुरुवात कुठून करायची?

खडीसाखर : पुढच्या आठवड्यात कॅम्पस मुलाखती, जागा बिझनेस अ‍ॅनालिस्टची. अंदाजाचे प्रश्न (शहरात अमुक किती) आणि कोडी (८ नाणी, एक जड, हाताशी तराजू, कमीत कमी वेळा तोलून ते शोधा) हमखास येतात म्हणे. खरा आकडाच माहीत नसेल तर बोलायचं काय? आणि कोडी पाठ करावीत का?

पाटीपेन्सिल : आकडा विचारणाऱ्यालाही माहीत नसतो. त्याला तुमची फोड बघायची असते.

आधी प्रश्नाची हद्द ठरवा. नुसतं पुणे की पिंपरी-चिंचवडसकट? दुचाकीच की सगळी वाहनं? हे विचारण्यात कमीपणा नाही.

समजा, पुणे मनपा आणि फक्त दुचाकी. २०११च्या जनगणनेत ३१ लाख लोक होते, आता ४४ लाख धरा. (४३.७ नको, तोंडी भागाकारात फसाल.) घरटी ४ माणसं म्हणजे ११ लाख घरं, घरटी २ गाड्या म्हणजे २२ लाख. गाडीमागे वर्षाला एक पंक्चर, दुकान उघडं असण्याचे दिवस ३३०, म्हणजे रोजची साधारण ६,७००. एका पंक्चरला २० मिनिटं लागली तर १० तासांत ३० निघतील, पण गिऱ्हाईक काही रांग लावून येत नाही. दुकानाला रोज ८ धरा. दुकानं झाली ८३०.

बरेच जण इथेच थांबतात आणि मार्क घालवतात. ८३० म्हणजे ५,३०० माणसांमागे एक. ५० हजार वस्तीच्या भागात जेमतेम ९-१०. कमी वाटतंय ना? मग तसं मोठ्यानं म्हणा आणि कुठलं गृहीतक कच्चं आहे ते शोधा. इथे ते '८' आहे. हवा, नवी ट्यूब, जुने टायर यांवरही दुकान चालतं, त्यामुळे रोज ५ पंक्चर पुरतात. आकडा १,३००च्या वर गेला. '१,००० ते १,५००' असं सांगून मोकळे व्हा.

सुतळी : ट्यूबलेसचा मुद्दा काढलात तर तो आकड्यात उतरवा. निम्म्या गाड्या ट्यूबलेस, त्यांची पंक्चर निम्मी, म्हणजे एकूण पाव भाग कमी. नुसतं नाव घेऊन पुढे गेलात की 'मग किती कमी?' आलंच.

नाण्यांचं म्हणाल तर बहुतेक जण ४-४ ठेवतात आणि तीन वजनांवर (म्हणजे तीनदा तोलण्यावर) जातात. तराजूची उत्तरं तीन असतात : डावं जड, उजवं जड, समान. म्हणून ढीगही तीन करा, ३-३-२. एक पारडं खाली गेलं तर त्यातली दोन नाणी समोरासमोर ठेवा. सारखी भरली तर उरलेलं जड. सुरुवातीलाच समान आलं तर बाजूची दोन तोला. काम दोन वजनांत.

खडीसाखर : आणि नाणं जड की हलकं तेच सांगितलं नाही तर?

सुतळी : तोच पुढचा प्रश्न असतो! वेगळं नाणं ८ पैकी कुठलंही, तेही जड किंवा हलकं, म्हणजे १६ शक्यता. दोन वजनांची उत्तरं ३ × ३ = ९. नऊ खणांत सोळा मावत नाहीत, तीन वजनं लागणारच. तीन वजनांत १२ नाण्यांपर्यंत जमतं.

पाटीपेन्सिल : पाठ करायचंच तर हे खण मोजणं करा. कोडं आधीच माहीत असेल तर तसं सांगा. पाठ उत्तर आत्ताच सुचल्याचं नाटक लगेच कळतं आणि पुढचा प्रश्न जास्त अवघड येतो.