पांढऱ्या-हिरव्या मॉन्स्टेराची पांढरी बाजू करपतेय, रत्नागिरी, भर पावसाळा. सल्ला हवा

माजघर
मॉन्स्टेरा अल्बो, सहा पानं, ८ इंची प्लॅस्टिकची कुंडी. घर समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर. पश्चिमेची खिडकी, पण ती पडवीत उघडते. झाड खिडकीपासून ५ फूट आत. माती अंगणातली लाल, त्यात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पाणी दर तीन दिवसांनी, शिवाय सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा. जुलै लागल्यापासून पांढऱ्या भागावर तपकिरी डाग पडतायत आणि शेवटची दोन पानं पूर्ण हिरवी आली. खत कमी पडतंय का? कुठलं घालू?

काथ्या
खत नको. आधी तो फवारा बंद करा, आजच.

पानांवर पाणी मारायचा सल्ला थंड देशांतल्या हीटर लावलेल्या कोरड्या घरांसाठी असतो. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, झाडाला आणखी ओल कशाला? हवेत ओल आधीच भरपूर आहे. फवाऱ्याने पान तेवढं तासन्‌तास भिजलेलं राहतं आणि डाग पसरायला तेवढं पुरतं. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. झाडाला जरा तंगी आली की पहिला तोच करपतो.

आणखी एक बघा. पहाटे पानाच्या कडेला थेंब लटकलेले दिसतात का? ते दव नव्हे. रात्री मुळं पाणी वर ढकलतात, दमट हवेत त्याची वाफ होत नाही, मग ते कडेने पाझरतं. पांढऱ्या भागावर ते थेंब साचले की तिथेच डाग उठतो. पाणी सकाळीच घाला, तेही बेतानं. खोलीतला पंखा सगळ्यात कमी वेगावर दिवसभर चालू ठेवा, वारा थेट पानावर नको.

पागोळी
हिरव्या पानांचं कारण बहुतेक उजेडात आहे. पडवीचं छप्पर खाली उतरलेलं, वर आभाळ भरलेलं आणि झाड ५ फूट आत! अशा अंधारात हिरवा भागच झाडाला पोसतो, त्यामुळे हिरवा फुटवा जोमाने पुढे जातो. दुपारी बारा वाजता पानावर एक वीत उंचीवर हात धरा. सावलीत बोटं ओळखू आली नाहीत तर उजेड कमी आहे.

२० वॅटचा साधा पांढरा एलईडी दिवा पानांच्या दीड फूट वर टांगा, रोज १२ तास. विजेवर फिरणाऱ्या तबकडीचा टायमर लावलात तर वीज गेली की तो मागे पडतो, म्हणजे आपल्याकडे दर दोन दिवसांनी. बॅटरी असलेला घ्या. ऑक्टोबरनंतर पश्चिमेचं ऊन तिरपं आत येईल, तेव्हा पातळ पडदा लावा, नाहीतर पांढरा भाग दोन दुपारीत भाजून निघेल.

खारा वाराही विसरू नका. आठवड्यातून एकदा मऊ कापड गोड्या पाण्यात पिळून पानं पुसा आणि पंख्याखाली लगेच सुकू द्या. एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ झाली तर ते पाणी कुंडीला नको. पागोळीचं पाणी आत्ताच झाकणाच्या पिंपात भरून ठेवा.

लाल माती
नाव माझंच असलं तरी कुंडीत लाल माती नको 🙂 जांभ्याची माती ओली झाली की चिकट बसते, वाळली की विटेसारखी घट्ट होते. मॉन्स्टेराच्या जाड मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

कुंडीतून काढून मुळं बघा. निरोगी मूळ पांढुरकं आणि टणक. सडलेलं तपकिरी, बोटात धरून ओढलं की साल सटकून आत दोरा उरतो. तेवढी मुळं स्पिरिटने पुसलेल्या पात्याने कापा.

मिश्रण: सोडणांचे (नारळाच्या वरच्या सालींचे) अर्धा-पाऊण इंची तुकडे ४ भाग, कोकोपीट २, पर्लाइट म्हणजे हलके पांढरे सच्छिद्र खडे २ (नसतील तर विटेची बारीक खडी, धूळ चाळून), कोळशाचे तुकडे १, गांडूळखत १. सोडणं आणि कोकोपीट आधी चोवीस तास गोड्या पाण्यात भिजवा, पाणी तीनदा बदला. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या काथ्यात मीठ असतं, ते तसंच राहिलं तर पानांच्या कडा जळतात आणि दोष खताला जातो. मुळं कापून गोळा लहान झाला असेल तर कुंडी ६ इंचीच घ्या. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते.

पाण्याचा दिवस कॅलेंडरवर ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. जुलैत ८ ते १२ दिवस सहज जातात, एप्रिलमध्ये ४. घालायचं तेव्हा खालून वाहीपर्यंत, आणि बशी लगेच रिकामी करा, डासांसाठीसुद्धा.

माजघर
मूळ बघितलं, तिसरा हिस्सा सडलेला. कापला. आता हिरव्या शेंड्याचं काय? आणि चुलीची राख चालेल?

काथ्या
राख नको, ती अल्कधर्मी. खत नवं पान सुटल्यावरच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. खताने पांढरा रंग येत नाही, कोणी विकत असेल तर हसून पुढे जा.

शेंडा कापायचा, पण खोड बघून. खाली उतरत जा, जिथे खोडावर पांढरी-हिरवी रेघ दोन्ही दिसते तो पेर शोधा. त्या पेरावरचा डोळा, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो तो कोंब, रेघेच्या सीमेवर असेल तर उत्तम. त्याच्या अर्धा इंच वर कापा. पूर्ण पांढऱ्या पट्ट्यावरचा डोळा निवडलात तर सगळं पांढरं पान येईल, ते दिसायला झकास पण स्वतःला पोसू शकत नाही.

लाल माती
कापायचंच, पण आज नाही. मुळं नुकतीच कापलीत, उजेडही कमी. दिवा लावा, नवी मुळं धरू द्या, गणपतीनंतर कापा. तोवर आणखी एक हिरवं पान आलं तर बिघडत नाही.

काथ्या
हे पटलं, माझी घाई झाली. कापलेला हिरवा शेंडा पाण्यात लावता येईल, पण त्यातून पांढरं पान येण्याची आशा धरू नका.

पागोळी
कापताना हातमोजे घाला. अळू-सुरणाच्याच कुळातलं झाड, चीक तसाच खाजरा. तुकडे गोठ्यापासून आणि मांजरापासून लांब टाका.