स्विच २ चा खप आणि तापकीर गल्लीतला भाव

पेठेतला_प्लेअर: निन्टेंडोचा स्विच २ हा गेम कन्सोल ५ जून २०२५ ला आला, चार दिवसांत ३५ लाख खपला. सप्टेंबरअखेर १ कोटी ३ लाखांच्या वर. कंपनीने मार्च २०२६ पर्यंतच्या खपाचा अंदाजही दीड कोटीवरून १ कोटी ९० लाखांवर नेला. पुण्याच्या तापकीर गल्लीतला दुकानदार म्हणतो, "साहेब, बाहेर माल मिळत नाहीये, आज घ्या, उद्या भाव चढेल." एवढा खप म्हणजे कन्सोल चालणार, असं धरायचं का? शिवाय जपानी मॉडेल बरंच स्वस्तात देतोय. दिवाळीचा बोनस अजून शाबूत आहे.

जुनी_कार्ट्रिज: आधी बोनस खिशात ठेवा.

सुरुवातीचा खप म्हणजे आधीपासून पैसे बाजूला काढून बसलेल्या भक्तांची मोजदाद. दसऱ्याचा झेंडूचा भाव बघून वर्षभर फुलं लावायची का? निन्टेंडोचाच जुना कन्सोल वी यू आठवतोय? नोव्हेंबर २०१२ ला आला, डिसेंबरअखेर ३० लाख ६० हजार गेले. लोक म्हणाले, वा! पुढच्या तीन महिन्यांत जेमतेम चार लाख. सगळ्या आयुष्यात १ कोटी ३५ लाखांवर आटोपला. उलट पहिला स्विच मार्च २०१७ मध्ये महिन्याभरात २७ लाख ४० हजार, म्हणजे त्याहून कमीच. आज तो १५ कोटींच्या पुढे आहे.

आणि हे तिमाही आकडे कंपनीने दुकानांकडे रवाना केलेल्या मालाचे असतात. फळीवर पडून राहिलेला डबाही त्यात आलाच.

मी खपापेक्षा गेम बघतो. सप्टेंबरपर्यंत मारिओ कार्ट वर्ल्ड ९५ लाखांवर गेला, कन्सोलसोबत आलेले धरून. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात तोच. तो खेळायचा असेल तर घ्या, बाकीच्या गेमसाठी थांबलात तरी बिघडत नाही. तरी वी यू सारखी गत होईल असं मला वाटत नाही. दुसऱ्या तिमाहीतही ४५ लाख गेलेत, भक्त काही एवढे नसतात.

कर्वेनगरी: अहो, ते जपानी मॉडेल घेऊ नका! त्याची सिस्टिम फक्त जपानी भाषेत चालते आणि जपानचंच अकाउंट लागतं. तिकडे २०२५ मध्ये ते ४९,९८० येनला आलं म्हणून स्वस्त. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द.

पेठेतला_प्लेअर: भाषेचं त्याने अवाक्षर काढलं नाही! विचारलं तर म्हणाला, "गेम इंग्लिशमध्येच असतात हो."

जुनी_कार्ट्रिज: बरेचसे असतातही. पण मेन्यू? त्याच्यासमोर डबा उघडून सेटिंग्जमध्ये भाषा बदलून दाखव म्हणा. आणि दुपारी एक ते चार जाऊ नका.